तरुण क्वार्टरबॅकला आकड्यांचं लक्ष्य काय द्यावं? निमित्त: केलेब विल्यम्सचं तिसरं वर्ष

शॉमबर्गकर

मंडळी, सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना) झाला, सिअ‍ॅटल जिंकलं, आता सप्टेंबरपर्यंत आमच्यासारख्यांना चघळायला आकडेच उरले. म्हणून हा धागा.

२०२५ च्या उन्हाळ्यात शिकागो बेअर्सचे नवे मुख्य प्रशिक्षक बेन जॉन्सन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की त्यांचा तरुण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) केलेब विल्यम्स याने यंदा ७० टक्के पास पूर्ण करावेत अशी त्यांची इच्छा आहे. पदार्पणाच्या वर्षी, २०२४ मध्ये, त्याचे ६२.५ टक्के होते. एका वर्षात साडेसात टक्क्यांची उडी! तेव्हाच आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणे, कोच असावा तर असा. दुसरा म्हणे, पोराच्या डोक्यावर कशाला ओझं ठेवता?

प्रत्यक्षात आकडा आला ५८.१. वाढायचं सोडा, घसरला. नियमित खेळणाऱ्या क्वार्टरबॅकांच्या यादीत जवळपास तळाला. आणि संघ? ११ विजय, ६ पराभव, डिव्हिजन (आपला गट) जिंकली, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) शेजारच्या ग्रीन बे पॅकर्सना ३१-२७ ने हरवलं, मग रॅम्सकडून ओव्हरटाइममध्ये २०-१७ ने हार. पासचे ३,९४२ यार्ड, म्हणजे एरिक क्रेमरचा १९९५ पासूनचा ३,८३८ चा फ्रँचायझी विक्रम मोडला. २७ टचडाउन (चेंडू थेट गोलरेषेपार पोचवणारे पास), ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास).

कोचने दिलेलं लक्ष्य मैलभर हुकलं आणि तरी हे वर्ष मी या देशात आल्यापासूनचं बेअर्सचं सर्वात मजेदार वर्ष ठरलं. तर प्रश्न असा: २०२६ साठी तुम्ही कोच असता तर त्याच्यासमोर कोणते आकडे ठेवले असते? आणि कोणते त्याच्यापासून लपवले असते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त ऐकायचंय.

मिलवॉकीची_सून

सासर कट्टर पॅकर्सवालं असल्यामुळे धागा उघडावा की नाही, इथपासून विचार करावा लागला. :)

आधी त्या विक्रमाबद्दल. क्रेमरने ३,८३८ यार्ड १६ सामन्यांत काढले होते, केलेबने ३,९४२ काढले १७ सामन्यांत. दर सामन्याला क्रेमर २४०, केलेब २३२. आणि हो, ४,००० यार्डांचा क्वार्टरबॅक आजवर एकदाही न झालेली संपूर्ण लीगमधली एकमेव फ्रँचायझी अजूनही तुमचीच आहे. ५८ यार्डांनी राहिलं. चालू द्या.

शॉमबर्गकर

सूनबाई, दहा जानेवारीला मध्यंतराला २१-३ ने पुढे कोण होतं आणि शेवटी काय झालं, ते सासरी विचारून या. मग बोलू.

क्रिकेट_एके_क्रिकेट

मी या खेळात अगदी नवखा. मुलगी शिकायला अ‍ॅन आर्बरला गेली, तिच्यामुळे बघायला लागलो. पास पूर्ण होणं म्हणजे आपल्याच माणसाने झेलणं, एवढं समजलं. पण ७० टक्के म्हणजे ग्रेट आणि ५८ म्हणजे वाईट, हे कशावरून? ५८ टक्क्यांत तो लांब लांब फेकत असेल तर? आमच्याकडे चाळीसच्या सरासरीने खेळणारा आणि सव्वाशेच्या स्ट्राइक रेटने खेळणारा असे दोन वेगळे प्राणी असतात.

दशांश

नवखे म्हणता आणि पहिल्याच चेंडूवर मुद्द्याला हात घालता!

बरोबर. नुसती कम्प्लीशनची टक्केवारी म्हणजे स्ट्राइक रेट न बघता सरासरी बघणं. उत्तम उदाहरण सॅम ब्रॅडफर्ड. २०१६ मध्ये मिनेसोटाकडून ७१.६ टक्के, त्या वेळचा लीगचा विक्रम. पासामागे यार्ड फक्त ७. संघ ८-८. समोर माणूस मोकळा दिसला की दिला जवळचा पास, थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या संधीला) नऊ यार्ड हवेत तर सहाचा दिला. टक्केवारी छान, पंट करणाऱ्याला (लाथेने चेंडू समोरच्या संघाकडे मारून देणाऱ्याला) भरपूर काम.

पण म्हणून जॉन्सनसाहेब उगाच बोलले असं नाही. त्यांच्या हाताखाली डेट्रॉइटमध्ये जॅरेड गॉफने २०२४ ला ७२.४ टक्के केले, तेही ४,६२९ यार्ड आणि ३७ टचडाउनसकट. त्यांची पद्धतच अशी आहे की चेंडू वेळेवर, ठरलेल्या जागी गेला तर टक्केवारी आपोआप वर जाते. आणि हाच गॉफ २०१६ मध्ये रॅम्सकडे नवा होता तेव्हा सात सामने खेळला, सातही हरला, ५४.६ टक्के. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे आले आणि २८ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. माणूस तोच. त्यामुळे तरुण क्वार्टरबॅकचा आकडा हा निम्मा त्याच्या कोचचा, लाइनचा (त्याला राखणाऱ्या पाच जणांचा) आणि रिसीव्हरांचा (पास झेलणाऱ्यांचा) असतो हे मनात ठेवूनच पुढचं वाचा.

आता माझा मुख्य मुद्दा. २०२४ मध्ये केलेबला ६८ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं गेलं. ५६२ पास आणि ६८ सॅक, म्हणजे पाठीमागे सरकल्यावर दर नऊ-दहा वेळांत एकदा तो जमिनीवर. जवळपास ११ टक्के. लीगची सरासरी साधारण सहा-सात असते. २०२५ मध्ये ५६८ पास आणि सॅक फक्त २४. चार टक्के.

इथे एक गंमत आहे, फार कमी लोक बोलतात. सॅक झालात तर तो पासच धरत नाहीत, टक्केवारीला ओरखडाही येत नाही. पण सॅक टाळण्यासाठी चेंडू मुद्दाम बाहेर फेकून दिलात तर तो अपूर्ण पास. संघाच्या दृष्टीने फेकून देणं कितीतरी बरं, सात-आठ यार्ड वाचतात. टक्केवारीच्या दृष्टीने मात्र सॅक बरी!

समजा, म्हणजे केवळ समजा, कमी झालेल्या ४४ सॅकच्या जागी सगळीकडे त्याने चेंडू बाहेर भिरकावला. ते ४४ पास वजा करा: ५२४ पैकी ३३०, म्हणजे ६३ टक्के. जवळपास मागच्या वर्षीएवढेच. प्रत्यक्षात सगळे ४४ असे नसणारच, काही त्याने पळून वाचवले, काही लाइनने. तरी दिशा कळावी. कोचने एका हाताने सांगितलं टक्केवारी वाढव, दुसऱ्या हाताने सांगितलं सॅक होऊ नकोस. ही दोन लक्ष्यं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि पोराने त्यातलं संघाच्या फायद्याचं निवडलं.

माजी_लाइनमन

दशांश, आकडेमोड झकास. पण लाइनचं श्रेय द्यायला चारच शब्द? २०२५ च्या आधी बेअर्सनी मधली तिन्ही माणसं बदलली. कॅन्सस सिटीकडून जो थुनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, आणि सेंटरला ड्रू डॅलमन. मधून दाब आला की क्वार्टरबॅकला पुढे पाऊल टाकायला जागाच राहत नाही; कडेने आला तर निदान पुढे सरकता येतं. म्हणून मधल्या तिघांवर पैसा लावला ते योग्यच.

पण मी न्यू जर्सीत एका हायस्कूलला लाइन शिकवायला मदत करतो, आणि माझ्या पोरांची बाजू घेऊनही सांगतो: सॅक हा बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकचा आकडा असतो. क्वार्टरबॅक एका संघातून दुसऱ्या संघात गेला की सॅकचं प्रमाण पुष्कळदा त्याच्याबरोबर प्रवास करतं. चेंडू किती वेळ धरून ठेवायचा हे शेवटी त्याच्याच हातात. २०२४ च्या चित्रफिती बघा, कित्येक सॅक अशा आहेत की लाइनने तीन सेकंद दिलेत, आणि हा अजून चौथा माणूस शोधतोय. कॉलेजात त्याला ते जमायचं. २०२२ चा हाइझमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) काय उगाच मिळाला? तिथे पळून पळून शेवटी कोणी तरी मोकळा व्हायचाच. इथे बचावातले धावतातही तेवढेच वेगात.

डेव्हिड कार आठवतो का कोणाला? ह्यूस्टन टेक्सन्सचं पहिलं वर्ष, २००२, ७६ सॅक. आजही एका सीझनचा विक्रम. त्या मुलाचं पुढे काही खरं झालं नाही. आकडे नंतर सुधारले तरी शरीराला लागलेली सवय जात नाही. दाब नसतानाही डोळे खाली येतात, रिसीव्हरांकडे बघायचं सोडून येणाऱ्या माणसांकडे बघतात. म्हणून मला विचाराल तर पहिल्या दोन वर्षांत एकच आकडा भिंतीवर: सॅकचं प्रमाण. बाकी सगळं नंतर.

मिलवॉकीची_सून

आमच्याकडे पहिल्या तीन वर्षांचं लक्ष्य शून्य असतं. शून्य पास. बस बाकावर आणि बघ. पॅकर्सचा क्वार्टरबॅक रॉजर्स फार्व्हच्या मागे तीन वर्षं बसला, जॉर्डन लव्ह रॉजर्सच्या मागे तीन वर्षं जवळजवळ बसूनच. २०२३ ला लव्हला खेळवलं तर पहिले दोन महिने सासऱ्यांनी टीव्हीवर उशा फेकल्या, आणि सीझन संपला तेव्हा ४,१५९ यार्ड आणि ३२ टचडाउन. हे पण एक मॉडेल आहे, कोणी बोलत नाही म्हणून सांगितलं.

शॉमबर्गकर

बोलत नाही कारण ते परवडणारं मॉडेल नाही. पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या पोराला तीन वर्षं बसवायला पुढे फार्व्ह लागतो. आमच्याकडे पुढे कोण होतं हे विचारू नका, जेवण जाणार नाही.

पण दशांश यांचा मुद्दा मला २०२४ च्या बाबतीत उलटा दिसतो. तेव्हा त्याच्या कौतुकाचा आकडा कोणता होता? सलग साडेतीनशेच्या वर पास एकही इंटरसेप्शन नाही, नवोदितांचा विक्रम. अख्ख्या वर्षात फक्त ६. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. आणि संघ ५-१२. आक्रमणाच्या कोऑर्डिनेटरला नोव्हेंबरात काढलं, मुख्य कोचला थँक्सगिव्हिंगच्या सामन्यानंतर काढलं. आता वाटतं की "चेंडू घालवायचा नाही" हे लक्ष्य त्याने इतकं मनावर घेतलं की धोका दिसला की फेकायचंच नाही, मग घ्या सॅक. तो सहाचा आकडा आणि अडुसष्टचा आकडा सख्खे भाऊ आहेत.

दशांश

एकदम सहमत. म्हणूनच मी म्हणतो, लक्ष्य जोडीनेच द्यावं. इंटरसेप्शन आणि सॅक एकत्र. टक्केवारी आणि पासामागचे यार्ड एकत्र. एकटा आकडा दिला की खेळाडू दुसऱ्याच्या खिशातून उसनवारी करतो.

आणि पासर रेटिंगवर तर मुळीच विसंबू नका. १९७३ पासूनचं जुनं सूत्र, त्यात टक्केवारी, यार्ड, टचडाउन, इंटरसेप्शन एवढंच; सॅकचा मागमूस नाही. कमाल १५८.३. केलेबचं ८७.८ वरून ९०.१ झालं. म्हणजे त्या सूत्राच्या मते पोरगा जेमतेम दोन गुणांनी सुधारला! सॅक धरणारं माप घ्या: यार्डांत प्रत्येक टचडाउनचे २० मिळवायचे, प्रत्येक इंटरसेप्शनचे ४५ वजा, सॅकमध्ये गमावलेले यार्ड वजा, आणि भागायचं पास अधिक सॅक या बेरजेने. तिथे २०२४ ला ५.१ च्या आसपास आणि २०२५ ला साडेसहाच्या वर. हा खरा फरक, डोळ्यांना मैदानात दिसला तोच.

क्रिकेट_एके_क्रिकेट

हे विसाचं आणि पंचेचाळिसाचं गणित कुठून आलं?

दशांश

थोडक्यात: चेंडू गमावणं हे सरासरी ४५ यार्ड गमावल्यासारखं पडतं, टचडाउनचं यार्डांपलीकडचं मोल साधारण २० यार्ड, असा अनेक वर्षांच्या सामन्यांवरून काढलेला अंदाज. याहून पुढचं माप म्हणजे प्रत्येक खेळीने संघाच्या अपेक्षित गुणांत किती भर पडली ते. पण ते पोराच्या भिंतीवर लावण्यात अर्थ नाही, त्याला दुपारी सरावात त्याचं काय करायचं हेच कळणार नाही.

सव्वाअकराचा_शो

मी पुण्यातून बघतो, रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सामना सुरू, सोमवारी ऑफिसात डोळे लाल. त्यामुळे प्रत्येक सामना बघितलाय असा दावा नाही, पण एक शंका.

११ विजयांचं श्रेय केलेबला देताना बचावाला विसरताय. २०२५ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त वेळा चेंडू हिसकावला तो बेअर्सच्या बचावाने. धावण्याचा खेळही लीगच्या वरच्या संघांमधला. चेंडू घेऊन धावणारा स्विफ्ट हजार यार्डांवर गेला, मोनांगाईने नवखा असून साथ दिली. एवढं पाठबळ असताना ५८ टक्के म्हणजे खरं तर काळजीची गोष्ट. चेंडू हिसकावणं दर वर्षी तेवढंच होत नाही. पुढल्या वर्षी ते आटलं की मग ही टक्केवारी बोचेल.

आणि दशांशसाहेब, तुमची पायात पाय घालण्याची थिअरी चांगली आहे, पण त्याच ड्राफ्टमधला (नवोदितांच्या निवडीतला) न्यू इंग्लंडचा ड्रेक मे बघा. २०२५ ला ७२ टक्के! आणि तेही जवळचे पास देऊन नव्हे, पासामागे जवळपास ९ यार्ड. म्हणजे सत्तर शक्य आहे, लांब फेकूनही शक्य आहे.

दशांश

शक्य आहेच. पण मेच्या सॅक किती? ४७. पास ४९२. पावणेनऊ टक्के, केलेबच्या दुपटीहून जास्त. बघा, त्याने कुठून उसने घेतले ते. तो थांबून मोकळ्या माणसाची वाट बघतो, मिळाला तर मोठी खेळी, नाही तर जमिनीवर. नियमित सीझनमध्ये हा सौदा फायद्याचा ठरला. सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटलच्या बचावासमोर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, १३-२९.

बचावाबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. म्हणून विजय-पराभव हा आकडा क्वार्टरबॅकच्या लक्ष्यात कधीच नको.

माजी_लाइनमन

५८ टक्क्यांबद्दल मलाही काळजी आहे, पण कारण वेगळं. फेकून दिलेले पास वगळले तरी असे बरेच पास होते की माणूस मोकळा, पाच-सात यार्डांवर, आणि चेंडू त्याच्या पायाशी किंवा मागे. पाय जागेवर नसतात. पळता पळता चाळीस यार्ड फेकेल तो अचूक, शांतपणे उभं राहून पाचचा चुकवेल. आठवा, रॅम्सविरुद्ध चौथ्या डाउनला वीस-पंचवीस यार्ड मागे पळत जाऊन कोल कमेटला दिलेला टचडाउन. जगात तो पास किती जणांना जमेल? आणि त्याच रात्री तीन इंटरसेप्शन.

तर माझं २०२६ चं लक्ष्य: एकूण टक्केवारी विसरा. फक्त दहा यार्डांच्या आतले, खिशात (लाइनने राखलेल्या जागेत) उभं राहून, ठरल्या वेळी दिलेले पास, एवढेच वेगळे काढा आणि त्यांची टक्केवारी धरा. ती पूर्णपणे त्याच्या पायांवर अवलंबून आहे. लांबच्या पासांना हात लावू नका, तिथे त्याला स्वातंत्र्य द्या. जॉश अ‍ॅलनचं असंच झालं. २०१८ ला ५२.८, २०१९ ला ५८.८, २०२० ला ६९.२. लोक म्हणतात रिसीव्हर स्टेफन डिग्ज आला म्हणून. डिग्ज आलाच, ती गोष्ट मोठीच. पण पहिली सहा टक्क्यांची पायरी डिग्जच्या आधीची आहे, ती पायांची आणि जवळच्या पासांची. आणि महत्त्वाचं: बफेलोने त्याला लांब फेकू नकोस असं कधी सांगितलं नाही.

प्लेनोतला_बाबा

नमस्कार, वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. तुम्ही मोठ्या लोकांबद्दल बोलताय, माझ्या घरातच एक क्वार्टरबॅक बसलाय. मुलगा नववीत, इथल्या शाळेच्या फ्रेशमन संघात. उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हनच्या स्पर्धांत ७४ टक्के, सगळे म्हणाले स्टार आहे. सीझन सुरू झाला तर ५१. पोराने वहीत "६५ टक्के, १५ टचडाउन, ५ च्या आत इंटरसेप्शन" असं लिहून भिंतीवर चिकटवलेलं. दर गुरुवारी सामना झाला की गाडीत बसून मोबाइलवर भागाकार. दोन इंटरसेप्शन झाली की शुक्रवारी जेवत नाही. त्याच्या आईचं म्हणणं कागद फाडून टाक. माझं म्हणणं, ध्येय तर हवंच ना? काय करू?

माजी_लाइनमन

दादा, आधी ते ७४ विसरा. सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये अंगावर येणारं कोणी नसतं, लाइनच नसते, चेंडू फेकायला साधारण चार सेकंद मिळतात. तिथली टक्केवारी म्हणजे रिकाम्या मैदानावरची. वाईट नाही, हात आणि नजर तयार होते. पण गुरुवारच्या आकड्याशी तिची तुलना करायचीच नाही. पोराला हे स्पष्ट सांगा, कारण त्याच्या डोक्यात "मी ७४ वरून ५१ वर घसरलो" असं बसलं असणार. तो घसरलेला नाही, तो दुसराच खेळ खेळतोय.

दुसरं, कागद फाडू नका. उलटवा. मागच्या बाजूला त्याच्या हातातल्या गोष्टी लिहायला सांगा. आमच्याकडे काय करतो ते सांगतो. सामन्याची चित्रफीत हडल नावाच्या अॅपवर येते. प्रत्येक पासच्या खेळीला तीन प्रश्न: योग्य माणसाकडे बघितलंस का, पाय जागेवर होते का, चेंडू वेळेवर सुटला का. हो किंवा नाही. पास पूर्ण झाला की नाही हे त्या कागदावर लिहायचंच नाही. रिसीव्हरने हातातला सोडला तरी तीन हो. नशिबाने बचावाच्या हातावर आपटून टचडाउन झाला तरी तीन नाही. मग लक्ष्य: "हो" चं प्रमाण. चौदा वर्षांच्या मुलाला हे दर आठवड्याला वाढवता येतं. टचडाउन वाढवता येत नाहीत, ते कोच कोणती खेळी सांगतो त्यावर आहे. एक यार्डावरून धावून घेतलं की याचा टचडाउन गेला.

दशांश

बाबा, थोडं गणित. नववीचा मुलगा सीझनला किती पास फेकेल? समजा दहा सामने, सामन्याला पंधरा, म्हणजे दीडशे. दीडशे पासांत नुसत्या नशिबाने टक्केवारी चार इकडे की चार तिकडे सहज होते, कौशल्यात काडीचा फरक न पडता. एका सामन्यात पंधरा पास, तिथे तर एक झेल सुटला की जवळपास सात टक्के गेले. म्हणजे दर गुरुवारी तो भागाकार करतोय ते हवामानाचं मोजमाप आहे. बघायचाच असेल तर तीन-चार सामन्यांचा एकत्र आकडा बघा, महिन्यातून एकदा. गाडीत नाही.

टेक्सासात हायस्कूल एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या, नियमांनी खेळतात ना? कॉलेजच्या हिशेबात सॅकचे यार्ड धावण्याच्या यार्डांतून वजा होतात. शाळेच्या आकड्यांतही तसंच धरत असतील तर पोराचं धावणं वाईट दिसेल, त्याने घाबरू नका.

प्लेनोतला_बाबा

अगदी! मागच्या आठवड्यात जुने आकडे बघितले, त्यांत एका सामन्यात उणे अकरा यार्ड दिसत होते आणि तो म्हणत होता मी चांगला पळालो. आता कळलं.

पण एक अडचण. कोच स्वतः सामन्यानंतर टक्केवारीच वाचून दाखवतात सगळ्यांसमोर. दोन क्वार्टरबॅक आहेत, स्पर्धा आहे. मग मी घरी कितीही सांगितलं तरी?

मिलवॉकीची_सून

भाऊ, मग टक्केवारी बाहेरचा आकडा आणि "हो" घरचा आकडा, असं सरळ सांगा त्याला. मुलांना हे कळतं. माझी मुलगी जलतरणात आहे, तिलाही वेळ एक आणि वळण्याचं तंत्र दुसरं, असं दोन्ही लिहायला सांगतात. वेळेवर निवड होते, तंत्रावर काम होतं.

आणि शुक्रवारी जेवत नाही त्याकडे लक्ष द्या. पहिलं काम ते.

सव्वाअकराचा_शो

अवांतर: पेटन मॅनिंगने पदार्पणाच्या वर्षी, १९९८ ला, २८ इंटरसेप्शन फेकली होती. नवोदिताचा तो विक्रम अजून कायम आहे. संघ ३-१३. पुढच्या वर्षी १३-३. पोराला हे सांगून बघा, वर २६ टचडाउनही होते हे सांगा. "पाचच्या आत" असं लिहून बसला असता तर सव्वीस झाले नसते.

माजी_लाइनमन

यात थोडं सावध. मॅनिंग मॅनिंग होता. पण नववीत इंटरसेप्शनवर मर्यादा घालू नये याला माझा पाठिंबा. एवढंच विचारा: तीच चूक दुसऱ्यांदा झाली का? खोल उभा असलेला सेफ्टी (मागचा बचावपटू) न बघता मधे फेकला, ठीक. पुढच्या महिन्यात परत तसाच फेकला, तर बोलायचं.

शॉमबर्गकर

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगल्या दिशेला गेला. बाबा, मुलाला शुभेच्छा, पुढे काय झालं ते इथे लिहा.

आता परत केलेबकडे. ७० टक्क्यांचा एक हिशेब मी काल मांडून बघितला. ५६८ पासांत ७० टक्के म्हणजे ३९८. त्याने पूर्ण केले ३३०. कमी पडले ६८, भागिले १७ सामने: दर सामन्यात बरोबर चार. चार पास! एक रिसीव्हरने सोडलेला, एक पायाशी टाकलेला, एक उगाच वाट बघून बिघडलेला, एक फेकून दिलेला. असं ऐकलं की सत्तर अशक्य वाटत नाही. पण दशांश म्हणतात तसं, चौथा मला परत नकोच आहे. आणि माजी_लाइनमन यांचा दुसरा, पायाशी टाकलेला, तेवढा सुधारला तरी ६१ होतील.

म्हणून माझं २०२६ चं पत्रक: सॅक पाच टक्क्यांच्या खाली राहू द्या. पासामागचे यार्ड ६.९ होते, ते सातच्या वर. जवळचे पास माजी_लाइनमन म्हणतात तसे वेगळे मोजा. इंटरसेप्शन १० पर्यंत चालतील, मी ओरडणार नाही. आणि लपवायचा आकडा ४,०००. आमच्या शहरात त्या आकड्याचं एवढं वेड आहे की डिसेंबरात सामना हातात असतानाही लोक यार्ड मोजत बसतात. शिवाय तिसऱ्या सीझननंतर नव्या कराराची बोलणी करता येतात, तेव्हा त्याच्या एजंटलाही तो आकडा हवाच असणार. कोचने तरी त्याचं नाव काढू नये.

सव्वाअकराचा_शो

इंटरसेप्शन १० आणि बचावाने चेंडू हिसकावणं कमी झालं तर ९-८. लिहून ठेवा.

दशांश

९-८ झालं तरी सॅक पाचच्या खाली आणि यार्ड सातच्या वर असतील तर मी त्याला पुढे गेला म्हणेन. उलट १२-५ होऊन सॅक आठवर गेल्या तर मी काळजी करेन. शॉमबर्गकर, तुमच्या पत्रकात फक्त एक बदल: जवळच्या पासांना आकडा टाका, नाही तर सप्टेंबरात आपण सगळे आपापल्या सोयीने वाचू. माजी_लाइनमन, तुम्हीच सांगा, किती?

माजी_लाइनमन

दहाच्या आत, खिशातून, वेळेवर दिलेले: अठ्ठ्याहत्तर. त्यातही पहिल्या चार सामन्यांचं धरू नका, नव्या सीझनला पाय जमिनीवर यायला वेळ लागतो.

मिलवॉकीची_सून

पहिले चार सामने धरू नका म्हणे. आमच्या लॅम्बो मैदानावर येताय तो तरी धरणार ना?